बुटाचं पाणी

कुण्या अनोळखी मेलेल्या माणसाच्या बुटापायी सहा वर्षं कुणी जीव आटवावा का? आमच्या वन्संनी आटवला. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. बंदराजवळच्या तीन खोल्यांच्या संग्रहालयात त्या शिपाई होत्या. बुडालेल्या जहाजातून वर काढलेल्या वस्तू तिथे मांडल्यात. गंजके खिळे, फुटक्या बशा, एक पितळी घंटा. तिकिटं फाडायची, काचा पुसायच्या आणि दर आठवड्याला मागच्या खोलीतल्या टबातलं पाणी बदलायचं, हे वन्संचं काम.

त्या टबात तो बूट. दीडशे वर्षं समुद्राच्या तळाशी राहिलेलं कातडं एकदम वाळवलं तर तडकतं म्हणे. म्हणून जाणकार माणूस येऊन औषध लावेपर्यंत त्याला गोड्या पाण्यात ठेवायचं ठरलं. सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात, इथे सहा वर्षं गेली.

वन्संच्या नोकरीचे दोन महिने उरले होते. बूट काचेच्या कपाटात धडपणे बसलेला बघायचा आणि मगच घरी बसायचं, एवढीच त्यांची इच्छा. एकदाचं पत्र आलं, जाणकार पुढच्या सोमवारी येणार. नेमकं त्याच आठवड्यात वन्संच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. संग्रहालयाच्या साहेबांना विचारून वन्संच्या जागी मी बसले. जाताना त्यांनी मला दहादा बजावलं, पाणी बदल पण बूट उघडा ठेवू नकोस. मी वैतागले. बत्तीस वर्षं संसार केलेल्या बाईला काय पाणी बदलायला शिकवायचं?

आणि तिथंच माती खाल्ली. आधी टब उपडा केला, मग नळ सोडला. नळाला टिपूस नाही. म्हटलं, पाणी आलं की घालू, आणि बूट खिडकीत ठेवला. तेवढ्यात शाळेची सहल येऊन धडकली. साठ पोरं. घंटेला हात लावू नका, लावू नका म्हणता म्हणता घसा बसला माझा. आठवण झाली तेव्हा खिडकीत ऊन आलं होतं. बुटाचं टोक वर वळलेलं आणि अंगठ्यापासून घोट्यापर्यंत उभी चीर. नळ आला होता. टब भरून मी तो गपचूप आत सोडला.

दुसऱ्या दिवशी डोळ्यावर पट्टी बांधून वन्सं हजर. घरी चैन पडेना म्हणे. सरळ मागच्या खोलीत गेल्या, टबात हात घातला. बोटं चिरेवर थांबली.

"किती वेळ बाहेर होता?"

"दोन-अडीच तास."

त्या स्टुलावर बसल्या. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला. मग उठल्या, हात पुसले आणि साहेबांच्या खोलीत जाऊन सांगितलं, "दवाखान्यात जायच्या गडबडीत मीच बूट खिडकीत विसरले." मी दारातच उभी होते. एरवी घर डोक्यावर घेणारी मी, पण त्या दिवशी माझी दातखीळ बसली. साहेब उरलेले दोन महिने त्यांच्याशी धड बोलले नाहीत. वन्संनी त्याबद्दल मला कधी एका शब्दानं ऐकवलं नाही. लाज वाटायची मला त्यांच्यासमोर जेवायला बसायची.

परवा त्या स्वतःहून म्हणाल्या, बूट बघायला जाऊ या. गेलो. औषध लावलेला, कोरडा, कपाटात दिव्याखाली. चीर तशीच. शेजारी एक बाई आपल्या मुलीला दाखवत होती, समुद्रानं बघ काय दशा केली त्याची. मग खात्री करावी तसं तिनं वन्संकडे पाहिलं.

"हो ना," वन्सं म्हणाल्या. "खारं पाणी."

आधी माझं पाप स्वतःच्या अंगावर घेतलं, आता समुद्राच्या माथी मारलं. मला सहन होईना.

"समुद्रानं दीडशे वर्षं नीट ठेवला होता, बाई," मी म्हणाले. "ती चीर मी पाडली."

बाई मुलीचा हात धरून घंटेकडे निघून गेली. वन्संनी कपाटाच्या काचेवरचा कुणाच्या तरी बोटाचा डाग रुमालानं पुसला.

"हे साहेबांसमोर बोलली असतीस तर," त्या म्हणाल्या. "चल आता, पाय दुखतायत माझे."