चवीपुरते आबा

माणसाला माहीत असलेल्या वजन कमी करण्याच्या सगळ्या पद्धती एकाच देहावर करून झाल्या असतील, तर तो देह तुमच्या आजोबांच्या मावसभावाचा आहे. बोदवडजवळच्या खेड्यात त्यांची केळी आणि कापूस आहे. गाव त्यांना आबा म्हणतं, मीही म्हणते. तुम्ही त्यांना एकदाच पाहिलंय, धाकटीच्या बारशाला, आणि 'त्या आजोबांना दोन खुर्च्या का?' असं तुमच्यातल्या एकाने मोठ्यांदा विचारलं होतं. प्रश्न योग्यच होता. उत्तर द्यायचं राहून गेलं, ते आता देते.

आबा जन्मापासून जाड नव्हते. पंचक्रोशीत भरीत करावं तर त्यांनीच, अशी त्यांची ख्याती झाली आणि अंग त्या ख्यातीच्या मागोमाग वाढत गेलं. हिवाळ्यात शेतात पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांच्या, काड्या पेटवून हिरवी वांगी भाजतात, मग बडगी नावाच्या लाकडी भांड्यात ती मिरची-लसणाबरोबर ठेचतात. हे ठेचण्याचं काम जमिनीवर मांडी घालूनच करावं लागतं. खुर्चीत बसून ठेचलेलं भरीत आबा ताटात घेत नाहीत. 'त्यात जोर वरून येते, कमरीतून येत नाही,' असं त्यांचं म्हणणं. तीन वर्षांपूर्वी आबांचे गुडघे गेले आणि त्यांना खाली बसणं अशक्य झालं. जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, आधी पंधरा किलो कमी करा, मग गुडघ्यांचं बघू. कदाचित काही करावंही लागणार नाही. बडगी माळ्यावर गेली. आबा माळ्याकडे रोज बघायचे, असं माझ्या जाऊबाई, म्हणजे आबांच्या पत्नी, सांगतात.

मग पद्धती सुरू झाल्या. कोणी सांगितलं, फळं खा. आबांची बाग केळीची, त्यामुळे फळ कोणतं हा प्रश्न नव्हता. ते एका वेळेला एक फणी खायचे. पंधरा दिवसांत दीड किलो वाढलं, तेव्हा त्यांनी दोष बागेच्या खताला दिला. पुढे कोणी सांगितलं, दिवसातून दोनदाच जेवा. आबा अकराला पाटावर नव्हे, टेबलाशी बसायचे आणि एक वाजेपर्यंत उठायचे नाहीत. जाऊबाई मधूनच विचारायच्या, 'अजून?' त्यावर आबा शांतपणे म्हणायचे, 'हात धुतला म्हणजे जेवण संपलं. मी कुठी धुतला?' तेल सोडायचं ठरलं तेव्हा शेवभाजीवरची तर्री त्यांनी स्वतः काळजीपूर्वक काढून वेगळ्या वाटीत ठेवली आणि त्या वाटीत भाकरी बुडवून खाल्ली. भाजी मात्र खरोखर बिनतेलाची झाली होती, हे मी मान्य करते.

घरातल्या वजनकाट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. ते कापूस मोजणाऱ्या व्यापाऱ्याच्या मोठ्या काट्यावर उभे राहायचे. आकडा आला की म्हणायचे, 'आता यातून ओलाव्याची घट काढ.' व्यापारी हसला तर त्याला समजावायचे, 'माझ्या कापसातून दरवर्षी काढतो, अन् माझ्यातून कायले नाही? आत्ताच तांब्याभर पाणी पेलो.' अशा रीतीने आबांचं वजन कागदावर बरंच उतरलं होतं. गुडघ्यांना ते कोणी कळवलं नव्हतं.

शेवटी मी त्यांना जळगावला एका आहारतज्ज्ञ मुलीकडे नेलं. वयाने माझी नात शोभेल एवढी, पण बोलण्यात स्पष्ट. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'आजोबा, महिनाभर जमेल असं काही करू नका. आयुष्यभर जमेल तेवढंच करा.' आबा तिच्याकडे बघत राहिले. 'आयुष्यभर?' ते म्हणाले. 'मंग मी खाऊ कवा?'

त्यानंतर आठ दिवस आबा आमच्याकडे राहिले. सकाळ-संध्याकाळ कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली, एक पालेभाजी, वाटीभर वरण, ताक. तक्रार नाही, मागणं नाही. आठ दिवसांत दीड किलो उतरलं, तेही आमच्या काट्यावर आणि ओलाव्यासकट. ते गावी गेले, महिन्याने परत आले, तर गेलेलं सगळं वजन बरोबर घेऊन आले होते. जाऊबाई शपथेवर सांगत होत्या की घरात तेच आणि तेवढंच शिजतं. आबाही शपथेवर सांगत होते. दोघंही खोटं बोलणारी माणसं नाहीत. मला कोडं सुटल्याशिवाय चैन पडत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी वही आणि चार पुडाचा डबा घेऊन चार दिवस आबांच्या घरी मुक्कामाला गेले.

पहिल्याच सकाळी उलगडा झाला. लग्नसराई होती. आबा फिरायला म्हणून काठी टेकत निघाले आणि पहिल्या मांडवापाशी आचाऱ्याने हाक मारली, 'आबा, जरा चव पाहा.' आबांनी तळहात पुढे केला. त्यावर लिंबाएवढं नव्हे, चांगलं पेरूएवढं वांग्याचं भरीत पडलं. 'मीठ चिमूटभर,' आबा म्हणाले आणि पुढे निघाले. पुढे वरण, मग तळलेली बट्टी, मग एका घरी सांडग्यांची भाजी, मग आणखी एका मांडवात जिलबीचा पाक. चव बघणं म्हणजे खाणं नव्हे, यावर आबांची इतकी श्रद्धा होती की घरी येऊन ते निर्मळ मनाने जेवायला बसले. मी प्रत्येक ठिकाणी मागे राहून तेवढाच घास डब्यात घेतला होता आणि वहीत टिपला होता. संध्याकाळी डब्याचं झाकण लागेना.

मी डबा त्यांच्यासमोर टेबलावर उघडला. आबांनी चारही पुडं नीट पाहिली.

'हे बठ्ठं मी?'

'सगळं तुम्हीच. अकरा ठिकाणी.'

आबांनी बट्टीचा तुकडा उचलून नाकाशी नेला आणि परत ठेवला. 'चांगली झाली व्हती पण,' म्हणाले.

दुसऱ्या दिवशीपासून आबांनी चव बघणं सोडलं. बाकी नवं काही केलं नाही. तीच भाकरी, तीच पालेभाजी, वरण, ताक आणि सकाळचं फिरणं. सणाच्या दिवशी सणाचं, पण आपल्या ताटात, आपल्या वाट्याचं. मी विचारलं, जमेल का? 'हे जमेल. माझी माय जन्मभर हेच खाये,' ते म्हणाले. आहारतज्ज्ञ मुलीला मी तसं कळवलं. वजन अगदी सावकाश उतरू लागलं, महिन्याला किलो, कधी तेवढंही नाही, पण उतरलेलं परत आलं नाही. गाव मात्र नाराज झालं. एका लग्नात वरण अळणी झालं, दुसऱ्यात भरीत इतकं तिखट की वरपिता जेवण सोडून उठला. लोक वाटी घेऊन दारात यायचे, 'आबा, जिभेच्या टोकाले फक्त.' आबा तोंड फिरवायचे. हळूहळू वाट्या यायच्या बंद झाल्या.

दीड वर्षानंतरच्या हिवाळ्यात, म्हणजे आत्ताच्या, पंधरावा किलो उतरला आणि आबांनी बडगी माळ्यावरून काढायला लावली. आम्ही सगळे दुपारी शेतात जमलो. वांगी भाजून झाली. आबांनी काठी बाजूला ठेवली, जाऊबाईंचा खांदा धरला आणि सावकाश, एकेक पाय मोडत, जमिनीवर मांडी घातली. मग ते ठेचू लागले आणि कमरेतून येणारा जोर म्हणजे काय, ते मला प्रथमच दिसलं.

ठेचून झाल्यावर त्यांनी सवयीने बोट बुडवलं. तोंडाशी नेलं, थांबवलं, आणि चिमूटभर भरीत तळहातावर घेऊन माझ्यापुढे केलं. 'वहिनी, मीठ पाहा.'

तुम्हाला सांगायला हवं की मी धुळ्याची, त्यातून इंग्रजी शाळेत शिकलेली, आणि 'धुळ्याच्या माणसाले भरीत काय कळे' हे वाक्य पन्नास वर्षं मी याच माणसाच्या तोंडून ऐकत आले आहे. मी चाखलं. थोडं कमी वाटलं, तसं म्हणाले. आबांनी स्वतः न चाखता मीठ घातलं.

भरीत खारट झालं. सगळ्यांना कळलं, मला सगळ्यात आधी. जाऊबाईंनी पदराआड ताकाचा तिसरा पेला रिचवला. आबांनी आपल्या वाट्याची एक भाकरी त्याच भरताशी शेवटच्या घासापर्यंत खाल्ली. 'बराबर हाय, वहिनी,' म्हणाले आणि हात धुतला.

मग ते उठले, कोणाचाही हात न धरता. बायका भांडी आवरू लागल्या, आम्ही गाडीकडे निघालो. मी मागे वळून पाहिलं तेव्हा आबा परत खाली बसले होते, रिकाम्या बडगीवर ओणवून, डोळे मिटून, नुसता वास घेत. माझी वही पिशवीत होती. मी ती काढली नाही.