ताईची दोन बोटं

"तोंड खोटं बोलतं, जबड्याला ते जमत नाही," असं ताई एकदा म्हणाली होती. त्या वेळी तिच्यासमोर स्टुलावर एक बॉक्सर बसला होता. त्याचा एक डोळा सुजून मिटला होता आणि तो पुन्हा पुन्हा सांगत होता, मी ठीक आहे, मी ठीक आहे. तिने टॉवेल रिंगमध्ये फेकून सामना थांबवला. तो तिला शिव्या देत खाली उतरला आणि कपडे बदलायच्या खोलीत पोचल्यावर त्याला स्वतःच्या बायकोचं नाव आठवेना.

सगळी व्यायामशाळा तिला ताईच म्हणायची, पण ती खरी बहीण होती एकाचीच. दिवसा ती एका मोठ्या लाँड्रीत काम करायची. ओल्या चादरी तापलेल्या रोलरमध्ये घालायच्या आणि पलीकडून कोरड्या ओढून घ्यायच्या. तिच्या हातांना चटके कळेनासे झाले होते. बॉक्सरच्या दातांवर बसवायचा, उकळत्या पाण्यात मऊ केलेला माउथगार्ड ती चिमट्याने नाही, बोटांनी उचलायची. पूर्वी ती स्वतः रिंगमध्ये उतरायची. गार्ड घालून श्वास घेता येत नाही म्हणून एकदा तशीच उतरली आणि खालचे दोन दात रक्तासकट थुंकून आली. त्यानंतर ती कोपऱ्यात उभी राहू लागली.

कोपऱ्यात तिची एक पद्धत होती. इतर ठिकाणी राउंड संपला की आधी गार्ड काढून धुतात. ताई आधी दोन बोटं तोंडात घालून गार्ड ओढायची. ती तो मुद्दाम किंचित सैल बसवायची, म्हणजे खालचे दात घट्ट आवळल्याशिवाय तो वर टिकायचाच नाही. बोटांना जोर लागला, की जबडा शाबूत आणि माणूस शुद्धीवर. मग गार्ड तसाच ठेवून ती गालात पाणी सोडायची. गार्ड सहज हातात आला, की टॉवेल. कोच कितीही ओरडो, ती ऐकायची नाही.

या सैलपणाचा त्रास सगळ्यांनाच व्हायचा. गार्ड पडू नये म्हणून सारखे दात आवळायचे, कानशिलं दुखायची, लाळ गळ्यावर यायची, आणि बोलायला गेलं तर तोंडात बोळा कोंबल्यासारखा आवाज. बाकीचे निमूट सोसायचे. धाकट्याला ते सोसवेना.

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. भाजीच्या घाऊक बाजारात तो लिलाव पुकारायचा. त्याच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की आडते हसता हसता चढी बोली लावून बसायचे. त्याचं नाव पडलं होतं रेडिओ. रिंगमध्येही ठोशाआधी त्याचे शब्द पोचायचे. समोरच्याला चिडवायचं, तो पिसाळून अंगावर आला की बाजूला सरून हाणायचं, हा त्याचा खेळ. पण ताईचा गार्ड तोंडात असला की रेडिओची नुसती खरखर व्हायची.

"काय रे बाळा, दात येतायत का?" एका सामन्यात समोरच्याने विचारलं होतं. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत हशा पिकला. त्या दिवशी धाकटा हरला.

"ताई, हा मागून घशाला लागतो. ओकारी येते. शिवीसुद्धा धड देता येत नाही," घरी तो म्हणाला.

"शिवी न देता आल्यामुळे कुणी मेल्याचं मी ऐकलं नाही."

"तू ना, मला मुका करूनच सोडणार."

"मुका परवडला. आ कर."

तिने गार्ड पुन्हा उकळत्या पाण्यात बुडवला, पुन्हा त्याच्या दातांवर दाबला आणि पुन्हा सैलच ठेवला. पलंगावर बसून वडील आपली कवळी पुसत होते.

पुढचा सामना दुपारी होता, पत्र्याच्या छपराखाली. उकाड्याने रिंगची ताडपत्री घामट झाली होती. समोरचा खाटीक होता, मान नसलेला, खांद्यातूनच डोकं उगवल्यासारखा. घंटा झाली आणि ताईला भावाचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"ये रे ये, हाडं मोजून घेतो तुझी! काय भावाने देतोस?"

लोक खिदळले. ताईच्या कपाळाला आठी पडली. इतकं साफ बोलता येतंय कसं? पण खाटकाच्या नाकातून रक्ताची धार लागली होती, धाकटा नाचत होता, आणि शंकेला बसायला जागा नव्हती. राउंड संपला. तिने दोन बोटं घातली, ओढलं. पक्का.

"बघितलंस?" तो हसला.

"बोलू नकोस. श्वास घे."

दुसऱ्या राउंडमध्ये तो बोलतच होता. तोंड उघडं होतं, शब्द अर्धा बाहेर आला होता, आणि खाटकाचा उजवा हात बाजूने जबड्यावर आला. आवाज झाला तो ओली फळी मोडल्यासारखा. धाकटा दोरांवर आदळला. पुढचा ठोसा भुवईवर, त्याच्या पुढचा बरगडीत. रक्त डोळ्यांतून गालावर उतरलं. तो पडला नाही. पण तो बोलायचा थांबला.

घंटा झाली. तो स्टुलावर बसला. त्याचे डोळे कुठेच नव्हते.

"माझी बोटं दिसतायत? ऐकू येतंय का?" ताईने विचारलं. त्याने मान हलवली.

तिची नजर सांगत होती, थांबव. हात टॉवेलकडे गेलासुद्धा. पण इतकी वर्षं तिने नजरेवर नाही, बोटांवर भरवसा ठेवला होता. तिने गार्ड ओढला. आला नाही. तिने जोर लावला. तरी आला नाही.

"पकड आहे," ती कोचला म्हणाली.

"मग सोड त्याला!"

तिने सोडलं.

खाटीक चालत आला आणि त्याने त्याच जागी मारलं. धाकट्याची हनुवटी एका बाजूला लोंबली, पंच मध्ये पडेपर्यंत आणखी दोन बसले. टॉवेल हवेत होता तेव्हा धाकटा तोंडावर पडलेला होता, आणि ताडपत्रीवर त्याच्या तोंडातून लाल पाणी पसरत होतं. ताई दोरांखालून आत घुसली. तिने बोटं घालून गार्ड उपटला. हिरडीची साल सोलून तो निघाला. दाढांवर यायचे दोन्ही भाग ब्लेडने कापलेले होते, आणि उरलेल्या तुकड्याला आतून गुलाबी चिकट लेप होता.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात धाकट्याचे वरचे-खालचे दात तारेने एकमेकांना बांधलेले होते. डॉक्टर म्हणाले होते, मज्जातंतू चेचला गेलाय, ओठ बधिर राहील, बोलणं पूर्वीसारखं होईल असं धरून चालू नका. वडील खुर्चीत बसले होते. कवळी खिशात होती, तोंडाची पोकळी झाली होती.

"माझी पेस्ट होती ती, कवळी बसवायची," ते म्हणाले. "मला वाटलं संपली."

"त्याने मला विचारलं होतं," भिंतीला टेकलेला कोच म्हणाला. "मीच म्हटलं, लाव. अगं, तू सारखी टॉवेल फेकतेस. तुला चकवल्याशिवाय इथून कुणी चॅम्पियन झाला नसता. आता मनाला लावून घेऊ नकोस, खेळ आहे..."

ताईचा ठोसा त्याच्या तोंडावर बसला. जुना, खांद्यापासून निघालेला. कोच औषधांच्या ट्रेवर कोसळला, बाटल्या फुटल्या, नर्स किंचाळली. तो उठायला लागला तेव्हा तिने आणखी एक मारला. मग तिचे हात खाली आले.

पलंगावर धाकटा हसत होता. तारांमागून त्याच्या घशातून काहीतरी घरघरलं. कळलं नाही, तेव्हा त्याने मुठी वर केल्या, एक बोट तिच्याकडे रोखलं आणि दुसऱ्या हाताने हवेत स्टूल ठेवल्यासारखं केलं. बरा झालो की पुन्हा. आणि कोपऱ्यात तूच.

ताई त्याच्याजवळ गेली. त्याच्या हनुवटीवरून ओघळलेली लाळ तिने चादरीच्या टोकाने पुसली. मुठी त्याने पुन्हा वर धरल्या होत्या. त्या तिने धरल्या, एकेक करून खाली दाबल्या. सोडल्याबरोबर त्या पुन्हा वर आल्या.

"अगं, कुठे निघालीस?" वडिलांनी विचारलं.

तिने दार ढकललं, आणि फुटलेल्या काचांवरून चालत बाहेर गेली.