आक्का मला बेटावर सोडायला आली तेव्हा
मी आज जो काही आहे तो माझ्या थोरल्या बहिणीमुळं, आक्कामुळं. निपाणीत विड्या वळून तिनं मला बी. ए. केलं. काल तिथल्या बाजारात सुक्या बांगड्याचा वास आला आणि मला त्या बेटाचा धक्का आठवला. बेटावरच्या पोस्टात मला पहिली नोकरी लागली होती आणि आक्का सोडायला आली होती. तिसऱ्या दिवशी ती परत निघाली. धक्क्यावर जाळी वाळत होती, बायका मासे निवडत बसल्या होत्या. मला काहीच वाटत नव्हतं, रडूही येत नव्हतं. मी फक्त माझी ट्रंक उचलली आणि बोटीत तिच्या शेजारी जाऊन बसलो. "मास्तरांनू, परवा इलात नि आज चललात?" बोटवाला हसला. "आक्का, हितं मला जमायचं न्हाय," मी म्हणालो. ती रागावली नाही. "बरं. आदी च्या पिऊन यूया. ट्रंक घे, हितं भिजंल," म्हणत ती उतरली. मी मागोमाग उतरलो, तशी ती झटकन परत चढली आणि बोटवाल्याला म्हणाली, "सोड रं दादा." बोट लांब गेली तरी तिनं वळून पाहिलं नाही. मी ट्रंकेवर तसाच बसून राहिलो. बेटावर फोनला रेंज नव्हती, म्हणून त्या आठवड्यात मी स्वतः शिक्का मारून तिला पत्र पाठवलं: "आक्का, मी कामावर रुजू झालो. तुझ्या चपला धक्क्यावरच राहिल्या. निपाणीपतोर अनवाणीच गेलीस का?"