दात मोजणारी

चढावरच्या वस्तीतला वेल्डर कुणापुढे मान खाली घालणाऱ्यातला नव्हता. ठेकेदाराशी त्याचं वाजलं होतं, पालिकेच्या साहेबाशी वाजलं होतं, ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरची तर त्यानं गचांडीच धरली होती. ॲम्ब्युलन्स चढाच्या पायथ्याशी थांबायची. "याला रस्ता म्हणता का तुम्ही?" असं ड्रायव्हर विचारायचा, आणि खरं सांगायचं तर त्याचं चुकत नव्हतं. सुटी खडी, पावलापावलावर खड्डे, आणि वर पोचलं की सव्वापाच फुटांची गल्ली. तो चढ चढेल अशी कुठलीच बाजारातली गाडी त्या गल्लीत शिरत नव्हती. आणि रस्ता करून द्या म्हणून दिलेल्या अर्जांवर कुणाचा तरी चहाचा कप ठेवला जात असणार, एवढंच.

वेल्डरच्या बाबांना आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागायचं. खुर्चीला दोन पाइप बांधून चार शेजारी त्यांना खाली न्यायचे, वर आणायचे. एका सकाळी बाबा खुर्चीतूनच म्हणाले, "माणूस चार खांद्यांवर एकदा जातो. मी आठवड्यातून तीनदा जातोय. बास झालं आता."

"म्हणजे काय करणार?"

"काही नाही. घरी पडून राहणार, होईल ते होईल."

वेल्डरनं विनवलं, चिडला, ताट सरकवून उठला. म्हातारा त्याचाच बाप. शेवटी एवढंच ठरलं की घरात बनत असलेली गाडी पुरी होईपर्यंत बाबा जातील. गाडी त्यांना घेऊन चढ चढली तर पुढेही जातील. नाही चढली, तर त्याच दिवसापासून दवाखाना बंद.

ती गाडी म्हणजे किट होतं. सुट्या भागांच्या खोक्यातून जोडायची गाडी. वेल्डरनं तिचा सांगाडा मधून कापून अरुंद केला होता, दोन्ही ॲक्सल आखूड केले होते. बोनेट निजायच्या खोलीत भिंतीला टेकवलेलं, आणि त्यावर बायकोनं टॉवेल वाळत घातलेले. "सासरी आले तेव्हा कपाट मागितलं होतं," ती म्हणायची, "बोनेट मिळालं." इंजिन एका छोट्या टेम्पोचं होतं. आता राहिला होता फक्त गिअरबॉक्स, चारही चाकं फिरवणारा.

शनिवारी सकाळी तो जुन्या गाड्यांच्या यार्डात गेला. गिअरबॉक्स त्यानं आधीच हेरून ठेवला होता. नव्या गाडीचा, पाच गिअरचा, चारही चाकांना कायम ताकद देणारा, अंगावर ओरखडा नसलेला. मालक म्हणाला, "घेऊन टाक. पण आधी मावशीला दाखव."

मावशी शेडच्या कोपऱ्यात रॉकेलच्या पत्र्याच्या ट्रेपुढे बसली होती. साठीच्या पुढची, काटकुळी, कोपरापर्यंत काळी. यार्डातली पोरं तिला दातांची डॉक्टर म्हणायची. बाराव्या वर्षी ती गिअर धुवायला लागली. पान्याला हात लावायची परवानगी नव्हती. बाईमाणसानं फक्त धुवायचं. मग तिनं धुता धुता दात मोजायला सुरुवात केली. कुठल्या गाडीच्या कुठल्या चाकाला किती दात, हे तिच्या बोटांना पाठ झालं. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण कापड मोजून विकणाऱ्या आईकडून ऐकून ऐकून अडीचकी आणि औटकी, म्हणजे अडीचचा आणि साडेतीनचा पाढा, जिभेवर बसला होता. पन्नास वर्षं ती यार्डात आहे. हजेरीच्या वहीत तिच्या नावापुढे अजून 'सफाई' लिहिलेलं आहे. मिस्त्री लिहायला कुणाचं पेन चाललं नाही. अडलं की सगळे मिस्त्री मात्र तिच्याच ट्रेपुढे उकिडवे बसतात.

"हा घेतोय," वेल्डर म्हणाला. विचारायला नाही, सांगायला.

मावशीनं त्या चकचकीत गिअरबॉक्सवरून हात फिरवला. "देखणा आहे. चढ केवढा?"

"लई."

"लई हे माप कुठल्या पट्टीवर असतं, बाबा?"

वेल्डरचे कान तापले. तरी त्यानं सांगितलं: तीन हात पुढे गेलं की एक हात वर. इंजिन टेम्पोचं. माणसं चार.

मावशीनं शेडच्या मागून दुसरा गिअरबॉक्स दाखवला. जुन्या जीपचा, ओबडधोबड, तेलाच्या चिखलानं माखलेला. त्याच्या पाठीला आणखी एक लहान पेटी चिकटलेली आणि तिच्यातून एक आखूड लिव्हर बाहेर आलेलं.

"हे भंगार?" वेल्डर उसळला. "मी तुम्हाला येडा वाटलो काय?"

"अजून नाही," मावशी म्हणाली. "उतारावर ये."

यार्डात ट्रकमधून माल उतरवायचा सिमेंटचा उतार होता. तोही साधारण तीनाला एक. तिनं दोन्ही गिअरबॉक्स वरच्या टोकाला लोखंडी घोड्यांवर कसले. एका जाड पत्र्याला वायरचा दोर बांधून पत्रा खाली ठेवला, पत्र्यावर मालकाच्या माणसांकडून इंजिनाचा ब्लॉक ठेवून घेतला. नव्या गिअरबॉक्सच्या मागच्या शाफ्टवर चाकाची रिकामी रिम कसून दोराचं दुसरं टोक तिला गुंडाळलं. पुढच्या शाफ्टवर हँडल बसवलं. जुन्या क्लचप्लेटला दांडा जोडून ते तिनंच केलेलं होतं.

"पहिला गिअर टाकलाय. फिरव. आणि ब्लॉकवर बसायला कोण येतंय?"

मालकच हसत जाऊन बसला. वेल्डरनं दोन्ही हातांनी हँडल धरलं. पत्रा हातभर सरकला आणि थांबला. त्यानं पाय रोवले, दात आवळले, मानेच्या शिरा तटतटल्या. आणखी वीतभर. मग हँडलच उलटं फिरून त्याच्या मनगटावर बसलं.

"आता तू बस," मावशी म्हणाली.

हँडल, रिम आणि दोर जुन्या गिअरबॉक्सवर गेले. मालक उतरला, वेल्डर ब्लॉकवर बसला, मनगट चोळत, तोंड वाकडं करून. मावशीनं पहिला गिअर टाकला, मग ते आखूड लिव्हर मागे ओढलं. आत काहीतरी 'खट्ट' करून बसलं.

"पहिल्या गिअरला हँडलचे साडेतीन फेरे, तेव्हा मागचा एक," ती म्हणाली, "आणि या लहान पेटीत चौदा दातांवर पस्तीस, म्हणजे अडीच. अडीच औटे पावणेनऊ. तुझ्या त्या राजकुमाराकडे नुसते साडेतीन."

आणि एका हातानं ती हँडल फिरवू लागली.

पत्रा हलला. घासत, करकरत, मुंगीच्या चालीनं, पण कुठेही न अडखळता. वेल्डरनं खाली पाहिलं. सिमेंट मागे जात होतं. दीड माणसाएवढ्या वजनाचा ब्लॉक, त्यावर तो स्वतः, धडधाकट गडी, आणि उताराच्या टोकाला ती काटकुळी बाई दळण दळल्यासारखी निवांत. दुसऱ्या हातानं तिनं पदर सारखा केला.   एवढी ताकद त्या बाईच्या दंडात नव्हती, हे त्याला दिसत होतं. ती मोजलेल्या दातांत होती. पन्नास वर्षं एकेक करून मोजलेल्या दातांत. पत्रा वरच्या टोकाला टेकला तेव्हा तो उठायचंच विसरला.

"उतर की," मावशी म्हणाली. "का रात्री न्यायला येऊ?"

त्यानं भंगार उचललं. जाताना तिच्या पाया पडायला वाकला, तर ती ओरडली, "सरक, रॉकेल सांडेल!"

तीन आठवड्यांनी गाडी पायथ्याशी उभी राहिली. मागे बाबा आणि सून, पुढे वेल्डरच्या शेजारी मावशी. त्यानंच हट्टानं आणली होती. डायलिसिसनंतर बाबांचा चेहरा पिठासारखा झालेला. ओटे, पायऱ्या, गच्च्या माणसांनी भरलेल्या. खुर्ची उचलणारे चौघेही हातावर हात ठेवून उभे. पाइप बांधलेली खुर्ची त्यांनी सोबत ठेवली होती, लागली तर असावी म्हणून.

वेल्डरनं आखूड लिव्हर ओढलं आणि क्लच सोडला.

गाडी निघाली. पहिल्या वळणावर मागचं चाक खड्ड्यात गेलं, खडी उडाली. पुढच्या चाकांनी धरलं, ओढलं, चाक बाहेर आलं. वेल्डरनं पाय दाबला.

"ॲक्सिलरेटर दाबू नकोस," मावशी म्हणाली. "तिला तिचं करू दे."

शेजारून एक बाई पाण्याची कळशी घेऊन चालत आली आणि पुढे निघून गेली. मागून बाबांचा आवाज आला, "अहो, ती बाई चालत पुढे गेली!"

"जाऊ द्या," मावशी म्हणाली. "तिच्या कडेवर तुम्ही नाही."

सून हसली. मग बाबा हसले. कितीतरी महिन्यांनी हसले, खोकला येईपर्यंत. बाहेर मात्र कुणी हसत नव्हतं, कुणी ओरडतही नव्हतं. चढावर फक्त इंजिनाचा एकसुरी आवाज होता, आणि दोन्ही बाजूंनी माणसं तोंडात बोट घालून बघत होती. गाडी गल्लीत शिरली. दोन्हीकडे चार-चार बोटं उरली. गल्लीच्या टोकाला, दारापुढच्या मोकळ्या जागेत येऊन थांबली.

वेल्डरला मागे वळून बघायचा धीर होईना. दोन्ही हात स्टीअरिंगला चिकटल्यासारखे. बाबांनी सुनेचा हात धरला, एक पाय बाहेर टाकला, दुसरा टाकला, उंबऱ्याशी उभे राहिले. श्वास जागेवर आला तसं त्यांनी खिडकीतून आत डोकावलं. मुलाकडे नाही, मावशीकडे.

"परवा," ते म्हणाले, "किती वाजता निघायचं?"