टेपच्या आतली चिंधी

या सदरातले अनुभव मी नेमानं वाचते आणि दर वेळी हसते, हे आधी कबूल करते. भूतबाधा, चकवा, उतारा... माझा कशावर म्हणून विश्वास नाही. वायरीत करंट असतो किंवा नसतो, मधलं काही नसतं — असं मानणारी बाई मी. तेव्हा तुम्हीही हसत वाचा, माझी ना नाही.

देवगाव फाट्यावर, जिंतूरच्या रस्त्याला आमचं गॅरेज आहे. इंजिनाचं काम मुलगा भास्कर बघतो, वायरिंग माझं. शाळा चौथीपर्यंत, वायरिंग शिकले ते जळालेल्या वायरी उकलून उकलून. माझी एक सवय आहे, ती तेवढी ध्यानात ठेवा. फॉल्ट सापडला की सोल्डरिंगचं सामान आणायला उठायच्या आधी तिथं साडीच्या काठाची चिंधी बांधते, म्हणजे जागा हरवत नाही. उजव्या हाताचं एक बोट वाकत नाही, म्हणून गाठ उलटी पडते. भास्कर तिला ‘मायची गाठ’च म्हणतो.

गेल्या उन्हाळ्यात जिंतूरचे एक सर त्यांची डिझेल गाडी घेऊन आले. चढाला दम सोडायची, समोर इंजिनाचा पिवळा दिवा. स्कॅनर लावला तर कोड आला — ईजीआरशी संपर्क तुटलाय. ईजीआर म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह. गाडीच्या कॉम्प्युटरचं आणि त्याचं बोलणंच बंद! भास्करनं नवा व्हॉल्व्ह बसवला. दोन दिवसांत दिवा परत हजर.

“वायर तुटली असंल,” मी म्हणाले.

“दोनदा बघितलीस की, माय. मोतीबिंदू झालाय तुला, दिसायलंय का काही?” सरांदेखत बोलला. “आज न्हाई सापडलं तर उद्यापासून घरी बस. मी दुसरा वायरमन बघतो.”

माझा हत्यारांचा लाकडी खोका त्यानं दाराकडं सरकवूनही ठेवला होता. लय लागलं मला ते...

“आन् सापडलं तर?”

“तर पुन्हा असं कवाच बोलणार न्हाई.”

सर म्हणाले, “मावशी, मी चहा सांगतो. तुम्ही सावकाश भांडा.”

भर दुपार, वर पत्रा तापलेला. व्हॉल्व्हच्या प्लगपर्यंत करंट येत होता, अर्थिंगही ठीक. मग ज्यांतून कॉम्प्युटरचं आणि व्हॉल्व्हचं बोलणं चालतं त्या पीळ दिलेल्या दोन वायरींना मीटर लावला. एकीला वाजला, दुसरीला गप्प. म्हणजे तुटलेली होतीच! पण कुठं? चार-पाच हात लांब जुडगा, वरून कंपनीची टेप, कुठं ओरखडा नाही. सर म्हणाले, “नवी घेतल्यापासून माझ्याकडंच आहे. वायरिंगला कुणी हात लावलेला नाही.”

सगळी टेप सोलायची तर दिवस गेला असता. मी डोळे मिटले — तसाही त्यांचा काय उपयोग! — आणि बोटांनी चाचपत निघाले. बॅटरीच्या ट्रेखाली टेपच्या आत एक गाठ लागली.

टेप तापून तापून कडक झालेली, पापडासारखी मोडत निघाली. आत चिंधी होती. वांगी रंगाचा काठ, मध्ये पिवळी रेघ. गाठ उलटी.

मी खाली बघितलं. अंगावर तीच साडी. लेकीनं संक्रांतीला घेतलेली. काठ या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपला... कुठं फाटलेला नाही.

“भास्कर, इकडं ये.”

तो वाकला. आधी चिंधीकडं, मग साडीकडं बघितलं त्यानं. “कवा बांधलीस?”

“आरं, टेपच आत्ता सोलली मी!”

काहीही असो, काम ते काम. चिंधी सोडवली. खाली वायरीवरचं प्लास्टिक चिरलेलं, आत तांब्याची हिरवी पूड. तिथंच! नवा तुकडा जोडला, सोल्डर केलं, मीटर खणखणीत वाजला. कोड पुसून भास्कर सरांना घेऊन चढावर दोन फेऱ्या मारून आला. दिवा नाही, दम भरपूर! आल्यावर त्यानं खोका उचलला आणि माझ्या जागेवर नेऊन ठेवला.

“दाराकडं नेताना लय घाई होती,” मी म्हणाले. “आता हळू का रं?”

हसला लेकाचा. चिंधी मी खोक्यात ठेवून दिली.

गोष्ट इथंच संपती तर मी लिहिलंच नसतं. दिवाळीच्या तोंडावर तीच साडी एका ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या पट्टीत अडकली आणि काठ टरकन फाटला. वीतभर तुकडा गेला. गुडघ्यावर बसून सगळं गॅरेज धुंडाळलं, सापडेना. भास्करनं वाकून फाटका काठ बघितला. मग खोक्यातली चिंधी घेऊन आला आणि फाटल्या जागी धरली. तिरकी फाट, धाग्याला धागा जुळला.

“माय, ऊठ,” तो म्हणाला. “ती कवाच सापडलीय आपल्याला.”

याचा उलगडा मला आजपर्यंत झालेला नाही. सरांच्या गाडीत तो दिवा पुन्हा लागला नाही, आणि माझा खोकाही जागचा हललेला नाही. फॉल्ट मीच शोधला, यात शंका नाही. पहिल्यांदा शोधला की दुसऱ्यांदा... तेवढं मात्र मला विचारू नका.