आयचा उजवा कान

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतेय, ते माझं मलाच नीट कळत नाही.

माझ्या सासूबाई, म्हणजे आमची आय, धवलारीण. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन लग्न लावणारी बाई. शेलारपासून दापोड्यापर्यंत कुठेही लग्न ठरलं की लोक आधी आयला विचारून तारीख धरत. ती गायला लागली की मांडवातली माणसं आपोआप गप्प व्हायची.

चार वर्षांपूर्वी आम्ही काशीला निघालो — नवरा, आय आणि मी. विमानाने. माझ्या दोन्ही जावा विमानात बसून आल्या होत्या, ढगांचे फोटो मला दाखवून झाले होते. मी कधी बसले नव्हते. हे कारण म्हणून सांगत नाही — पण दुसरं होतं तरी काय?

आदल्या दिवशी आयला सर्दी झाली. उजवा कान गच्च. नवरा ड्युटीवर, म्हणून मीच तिला डॉक्टरकडे नेलं. त्याने कानात बघितलं आणि मला सांगितलं, "इनको अभी प्लेन में मत बिठाना. कान अंदर से सूजा है, परदा फट सकता है. दस दिन रुक जाओ."

आयला नीट ऐकू आलंच नाही. रिक्षात बसताना तिने विचारलं, "काय बोल्ला गो डाक्टर?"

"काय न्हाय. गोळ्या दिल्यात. जा बोलला."

एवढंच. एवढं सहज येतं तोंडात?

विमान खाली उतरायला लागलं तेव्हा मी खिडकीतून बघत होते. आयने माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. "कान फुटतंय गो माजा —" मग समोरच्या सीटला डोकं टेकून बसली. उतरल्यावर दोन पावलं टाकली आणि खालीच बसली. जमीन फिरते म्हणाली, उलटी झाली. कान पुसलेल्या पदराला रक्ताचा डाग होता. काशीत तिने गंगा पाहिली नाही. तीन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होती. परत रेल्वेने आलो.

कानाच्या मोठ्या डॉक्टरने सांगितलं, आतल्या कानाला इजा झालीय, उजव्या कानाने ऐकू येणं आता परत यायचं नाही. सर्दीत विमानात का बसवलंत? नवरा म्हणाला, "आम्ही दाखवलं होतं ना, त्या डॉक्टरनेच जा सांगितलं." मी शेजारीच उभी होते. पुढे त्याने गल्लीभर त्या डॉक्टरचं नाव खराब केलं. तेही मी होऊ दिलं.

आयने नंतर दोन लग्नांत गाऊन पाहिलं. दुसऱ्या लग्नात सूर मध्येच सुटला, तिला कळलंही नाही; करवल्या हसायला लागल्या. ते मात्र तिला दिसलं. त्यानंतर ती कुठल्या मांडवात गेली नाही. चटकन मान वळवली तरी अजून गरगरतं. घरात भिंत धरून चालते.

तिला वाटतं, वज्रेश्वरीला न भेटता काशीला निघाले म्हणून देवी कोपली. दर वर्षी देवळाच्या पायऱ्या माझ्या खांद्यावर हात ठेवून चढते, देवीपुढे स्वतःच्या गालावर मारून घेते — "चुकलं माजं, आय, चुकलं." तोल जाऊ नये म्हणून मी तिला धरून उभी असते. तेव्हा तरी बोलावं ना माणसाने?

एकदा बोलले. यंदाच, दुपारी, ती ओटीवर तांदूळ निवडत होती. मी तिच्या उजव्या बाजूला बसले — मुद्दाम उजव्या — आणि सगळं सांगितलं. डॉक्टर काय बोलला होता, मी काय सांगितलं. हळू आवाजात, पण सगळं. माझे ओठ हललेले तिला दिसले असावेत. तिने हात थांबवले, सावकाश वळून चांगला कान माझ्याकडे केला आणि वाट बघत राहिली.

मी म्हटलं, "चहा ठेवू का?"

"ठेव," ती म्हणाली.

मी उठून चहा ठेवला.