गायींचा पगार

मी आज जो काही आहे, तो सर्वांत जास्त ओजीसानांमुळे. ओजीसान म्हणजे जपानीत आजोबा. फुकुशिमाच्या डोंगरात त्यांचा गोठा होता. सरकारी मदत खात्यावर जमा झाली की ते आधी गोठ्यात जात, टोपी काढत आणि गायींना सांगत, "बायांनो, तुमचा पगार झाला. घरी बसल्याचा!"

भूकंपानंतर अणुवीज प्रकल्पातून उडालेली किरणोत्सारी धूळ त्यांच्या कुरणावर बसली होती. गायींना चरायला बंदी होती. गवत स्वच्छ ठरेपर्यंत विकतच्या चाऱ्याचे पैसे सरकार देत होतं. मी तेव्हा जपानच्या त्सुकुबा विद्यापीठात पीएच.डी. करत होतो आणि त्या गवताचे नमुने कापून तपासणं माझ्याकडे होतं. माझे वडील विट्याला हमाली करायचे. घरात कॉलेज पाहिलेला पहिला मीच. त्यामुळे मोठं माणूस काहीही बोललं की मी मान डोलवायचो. ओजीसान वैतागत. "जाधव-कुन, पटलं नसेल तर मान हलवू नकोस. माझी गायसुद्धा हलवत नाही."

नमुन्यांसाठी गेलो की मी त्यांच्याकडेच उतरायचो. मी मासे खात नाही, हे कळल्यावर त्यांनी मिसो सूपमधला माशाचा अर्कही बंद केला. "बेचव झालंय," असं दर वेळी म्हणत आणि माझ्याबरोबर तेच पीत.

कुरण त्यांचं आणि शेजारच्या एंदो-सानांचं सामाईक होतं. दोघे शाळेपासूनचे मित्र. दर वर्षी गवत थोडं थोडं सुधारत होतं आणि तिथेच सगळी अडचण होती. गवत स्वच्छ ठरलं की मदत थांबणार. पण फुकुशिमाचं नाव ऐकून वासरांचा भाव पाडणारे व्यापारी काही थांबणार नव्हते. एका वर्षी मी नमुन्यासाठी विळा काढला तेव्हा एंदो-सान कडेच्या झाडांकडे बोट दाखवून म्हणाले, "जाधव-सान, तिथलं कापा."

झाडांखाली धूळ जास्त टिकते, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

"तुमच्या देशात गायीला देव मानतात ना? मग आमच्या देवांच्या पोटावर पाय देऊ नका."

मी ओजीसानांकडे पाहिलं. ते म्हणाले, "गायी चरतात कुठे? मध्ये. मधलं काप."

"तुझं काय जातंय?" एंदो-सान ओरडले. "तुला ना मूल ना बाळ. माझा मुलगा याच गोठ्यावर परत आलाय!"

मी मधलं गवत कापलं. ते स्वच्छ निघालं.

चाऱ्याचे पैसे बंद झाले. ओजीसानांच्या गायी कुरणात गेल्या. एंदो-सानांनी हिवाळ्याआधी सगळी गुरं विकली, मुलगा नोकरीसाठी नागोयाला गेला, आणि ते ओजीसानांच्या नमस्काराला उत्तर देईनासे झाले.

माझ्या पदवीदान समारंभाला आई-वडिलांना येणं जमलं नाही. त्यांच्या जागी ओजीसान बसले. माझं नाव पुकारल्यावर सबंध सभागृहात ते एकटेच उभे राहिले.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. गुडघे गेल्यामुळे त्यांनीही गायी विकल्या होत्या. बराच वेळ हवापाण्याचं बोलून त्यांनी विचारलं, "आपण बरोबर केलं ना रे?" "पत्रात लिहितो," असं म्हणून मी फोन ठेवला. मग मी पत्र लिहिलं. इथे जपानी शाळेत शिकणाऱ्या माझ्या मुलीनं त्यातलं जपानी सुधारलं. मजकूर माझाच आहे.

"ओजीसान,

आपण बरोबर केलं, असं एंदो-सानांच्या रिकाम्या गोठ्यासमोर उभं राहून मला म्हणता येणार नाही. गवत स्वच्छ होतं, एवढं मात्र तिथेही म्हणता येईल. तुमच्या प्रश्नावर मान डोलावणं सोपं होतं. तुम्हीच ती सवय मोडलीत.

रविवारी येतो. आपण दोघं एंदो-सानांकडे जाऊ. ते दार उघडणार नाहीत. तरी जाऊ.

तुमचा,
जाधव"